रूळ किती लांब घ्यावा?

ऑफिस, ट्रॅफिक आणि ईएमआय यांतून वेळ काढून स्वतःच्या फ्लॅटसाठी स्वतः कपाट करायचं, हे खूळ हल्ली बऱ्याच जणांच्या डोक्यात शिरलंय. मग ट्रॅक सॉ घ्यायची ठरते आणि गाडी अडते ती एका साध्या प्रश्नावर. गाइड रेल केवढी घ्यायची? शिरूर आणि दौंड यांच्यामध्ये घडलेली ही एक गोष्ट, आणि तिच्यातून निघालेला हिशेब.

शनिवारची सकाळ. दुसरा चहा अजून व्हायचा होता आणि मित्राचा फोन.

‘‘तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट किती उंच आहे रे?’’

हा मित्र रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला. राहायला शिरूरला, तिसऱ्या मजल्यावर, नवाकोरा टू बीएचके. लग्न ठरलेलं आणि बेडरूममध्ये फर्निचरच्या नावानं एक फोल्डिंगची कॉट. बाहेरून कपाट करून घ्यायचं कोटेशन बघून त्याचे डोळे पांढरे झाले होते. त्यामुळे पठ्ठ्यानं ठरवलं, आपणच करायचं! इंजिनीअर आहोत, व्हिडीओ बघितलेत, अजून काय पाहिजे? ट्रॅक सॉ मागवली आणि सोबत गाइड रेल. ३००० मिमीची, म्हणजे तीन मीटरची. अख्खी, एकसंध.

ती आली ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून, पुठ्ठ्याच्या लांबलचक खोक्यात. लिफ्टमध्ये उभी राहीना. तिरपी केली तर दार लागेना. जिन्यात वळेना. शेवटी वॉचमन आणि शेजारचे काका अशा दोघांना हाताशी धरून ती बाल्कनीतून दोरानं वर ओढून घेतली. खाली सोसायटीतली पोरं टाळ्या वाजवत होती म्हणे.

‘‘पण आता आलीय ना वर?’’ मी विचारलं.

‘‘वर आलीय. पण खोलीत फिरत नाहीये.’’

तर मंडळी, इथून सुरुवात.

आधी हे प्रकरण काय आहे?

ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, ट्रॅक सॉ म्हणजे रुळावरून धावणारी करवत. अ‍ॅल्युमिनियमची लांब, सपाट पट्टी प्लायवर ठेवायची. तिच्या पाठीवर एक उंचवटा असतो आणि मशीनच्या बुडाला त्याच मापाची खाच. मशीन त्या उंचवट्यावर बसतं आणि सरळ रेषा सोडून कुठं जाऊच शकत नाही. पातं एरवी मशीनच्या पोटात लपलेलं असतं. दाबलं की खाली उतरतं, सोडलं की परत आत. पट्टीच्या कडेला रबराची एक पातळ फीत लावलेली असते. पहिल्यांदा मशीन चालवलं की ते फितीची जादा कड स्वतःच्या पात्यानं कापून टाकतं आणि मग ती कड म्हणजेच तुमची कापाची रेघ! पेन्सिलीच्या खुणेवर फीत टेकवा आणि चालवा. वरून ती फीत लाकडाचे तंतू दाबून धरते, त्यामुळे सनमायका लावलेला प्लायसुद्धा कडेला फुटत नाही.

कल्पना जर्मनांची. फेस्टो या कंपनीनं, जिच्या हत्यारांना आज आपण फेस्टूल म्हणतो, १९६२ साली पहिली गाइड रेल बाजारात आणली. आज मकिता, बॉश, डीवॉल्ट, माफेल अशा सगळ्यांच्या ट्रॅक सॉ आहेत. साधारण १६० ते १६५ मिमीचं पातं आणि पन्नास-पंचावन्न मिमीपर्यंत कापायची ताकद. आपला नेहमीचा १८ मिमीचा प्लाय म्हणजे तिला लोणी.

आपल्याकडे हेच काम आजवर कोण करत आलं? ‘कटर’! फरशी कापायचं मशीन, त्याला लाकडाचं पातं, आणि सरळ जावं म्हणून शेजारी क्लॅम्पनं आवळलेली प्लायची पट्टी. पुण्याच्या कुठल्याही साइटवर जा, हेच दिसेल. काम होतं का? होतं. हजारो घरं याच कटरवर उभी आहेत. पण त्याबद्दल पुढे बोलू, कारण त्यात एक बोट गुंतलेलं आहे.

रेल कापापेक्षा लांब का लागते?

इथेच सगळे फसतात. आपल्याला वाटतं, चार फूट कापायचंय ना, मग चार फुटी रेल. नाही! मशीनला बूड असतं, साधारण फूटभर लांब. कापायला सुरुवात करण्याआधी पातं प्लायच्या कडेच्या बाहेर असायला हवं, आणि तेव्हाही मशीन रुळावर नीट बसलेलं हवं. म्हणजे रेल प्लायच्या अलीकडे थोडी बाहेर आली पाहिजे. दुसऱ्या टोकाला तेच. पातं प्लायमधून पूर्ण बाहेर पडेपर्यंत मशीनला खाली रूळ पाहिजे, नाहीतर शेवटच्या दोन इंचांत ते डुगडुगतं आणि इतका वेळ सरळ आलेली रेघ नेमकी तिथं वाकडी होते.

तर हिशेब असा. कापाच्या लांबीत २०० ते ३०० मिमी मिळवा, म्हणजे रेलची लांबी आली. हात सरावला की १८० मध्येही भागतं. नवशिक्यांनी ३०० धरावेत.

आता आपला प्लाय येतो आठ बाय चारचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. आडवा काप १२२०चा. त्यात १८० मिळवले की १४००. म्हणूनच १४०० मिमीची रेल इतकी खपते. बॉशवाले १६०० देतात, ती आणखी ऐसपैस. उभा काप २४४०चा. त्याला २७०० तरी हवी.

आणि इथं एक सापळा आहे बरं का! फेस्टूलच्या यादीत २४०० मिमीचीही रेल आहे. वाचून वाटतं, आठ फूट म्हणजे हीच. पण आठ फूट म्हणजे २४३८ मिमी. रेल प्लायपेक्षाच चार सेंटिमीटर तोकडी! बॉशच्या २१००चीही तीच कथा. सात फुटी फ्लश डोअर उभं तासायला ती घेतलीत तर फसलात, कारण सात फूट म्हणजे २१३४. कंपनीची चूक नाही. ते लोक आपल्या फुटांचा विचार करून रेल बनवत नाहीत, एवढंच.

आमच्या मित्रानं हा सापळा चुकवला होता हे कबूल केलं पाहिजे. २४४० अधिक ३००, झाले २७४०, ‘सेफ साइड’ म्हणून ३०००. एक्सेल शीटवर बरोबर. फक्त त्या शीटमध्ये खोली नव्हती.

दहा बाय अकराची खोली

त्याची बेडरूम दहा फूट बाय अकरा फूट. मिमीत सांगायचं तर ३०५० बाय ३३५०. त्यात तीन मीटरची रेल आडवी टाकली की भिंत उरते पाच सेंटिमीटरवर. प्लाय उभा अंथरला की रेल बसते, पण ती उचलून फिरवायची म्हणजे आधी दार उघडा, एक टोक पॅसेजमध्ये काढा, मग वळा. ट्यूबलाइट एकदा थोडक्यात वाचली.

बरं, मोठ्या कापाचं एक वेळ जमलं. पण कपाटात मोठे काप असतात किती? दोन फुटी फळी छाटायला तीन मीटरची रेल ठेवली की दोन्ही बाजूंना चार-चार फूट हवेत लोंबते. जराही धक्का लागला की तराजूसारखी कलंडते आणि खुणेवरून हलते. पहिल्याच दिवशी एक फळी एका टोकाला तीन मिमीनं कमी भरली. सुताराच्या भाषेत एक सूत. कपाटात एक सूत म्हणजे दार लावल्यावर दिसणारी फट. साडेअठरा हजारांचा मोबाइल पडल्यावर होतं तसं तोंड करून हा बसला.

आणि वर खालच्या मजल्यावरून निरोप आला, रविवारी दुपारी मशीन बंद ठेवा.

मग एका रविवारी आम्ही मशीन, रेल आणि प्लाय असं सगळं घेऊन निघालो त्याच्या गावाकडे. गाव दौंड तालुक्यातलं. शिरूरहून न्हावरे, तिथून पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडायची आणि चौफुल्याला लागायचं. प्लाय ओळखीच्या छोट्या टेम्पोत. रेल कारच्या कॅरिअरवर बांधलेली, मागच्या टोकाला लाल फडकं. उसाचा सीझन असल्यानं रस्ताभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, त्यांच्याही मागे उसाची लोंबणारी वाढी. आमचं लाल फडकं त्या गर्दीत अगदी शोभून दिसत होतं.

आप्पा

मित्राचे थोरले चुलते म्हणजे आप्पा. घराणं सुताराचं. आप्पांच्या वडिलांच्या काळात बैलगाड्या, नांगर, पाभरी, सगळं बलुत्यावर. आप्पांनी स्वतः बैलगाडीची चाकं केलीत, पुढे दाराच्या चौकटी केल्या, आणि मग प्लायचा जमाना आला तेव्हा पुण्यात हडपसर-कोथरूडच्या साइटवर पंचवीसेक वर्षं काम केलं. सुतारकाम पुढच्या पिढीत कुणी उचललं नाही. पुतण्या इंजिनीअर झाला याचा त्यांना अभिमान, आणि त्याच पुतण्यानं आता करवत हातात घेतली याची गंमत.

अंगणात रेल उतरवली. आप्पांनी तिच्यावरून हात फिरवला. एक डोळा मिटून टोकाकडून बघितलं.

‘‘सरळ हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पर येवढी लांब कशापायी घेतली रं?’’

‘‘आप्पा, प्लाय आठ फुटी असतो ना. उभा चिरायचा तर...’’

‘‘कपाट किती फुटी करतुयास?’’

‘‘सात.’’

‘‘मंग आठ फूट चिरतुयास कशाला?’’

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मंडळी, दोन इंजिनीअर, एक लॅपटॉप आणि एक कटिंग ऑप्टिमायझर वापरून जे सुचलं नव्हतं ते इतकं साधं होतं. कपाटाची उंची २१०० मिमी. मग आधी प्लाय आडवा कापून २१००चा करा आणि नंतर उभा चिरा. उभा काप आपोआप आठ फुटांवरून सात फुटांच्या आत येतो!

आप्पांनी कानामागची पेन्सिल काढली आणि प्लायच्या पाठीवरच यादी केली. कपाट २१०० उंच, १२०० रुंद, ६०० खोल. दोन बाजू, दोन दारं, वर-खाली आणि मधल्या मिळून चार फळ्या, आणि मागे ६ मिमीचा प्लाय. बाजूंचा एक बोर्ड, दारांचा एक, फळ्यांचा एक. प्रत्येक बोर्ड आधी आडवा.

मोजलं. चार फुटी आडवे काप सात. सात फुटी उभे काप पाच. फळ्यांची लांबी नेमकी करायला दोन फुटी काप चार. एकूण सोळा काप, आणि त्यात आठ फुटांचा एकही नाही.

आता याच यादीकडे रेलच्या नजरेनं बघा. चार फुटी कापांना १४००ची रेल. दोन फुटी कापांना १०००ची किंवा अगदी ८००चीही. आणि सात फुटी कापांना? २१०० अधिक ३००, म्हणजे २४००. १४०० आणि १००० जोडल्या की किती होतात? बरोब्बर! दोन छोट्या रेलमध्ये सोळाच्या सोळा काप निघतात. दोन्ही लिफ्टमध्ये उभ्या राहतात, दोन्ही कारच्या मागच्या सीट पाडून आत जातात. १०००ची तर स्कूटरवर मागे बसलेला माणूससुद्धा धरून आणू शकेल. (पोलिसांना काय वाटेल ते वेगळं.)

फेस्टूलवाल्यांकडे छोटी रेल १०८०ची आहे, म्हणजे जोडून २४८०. बॉशवाल्यांनी १६०० आणि ११०० घेतल्या की २७०० होतात, त्यात तर अख्खा आठ फुटी बोर्डही जेमतेम चिरता येतो. डीवॉल्टच्या रेल १०००, १५०० आणि २६०० अशा आहेत.

दौंडचा फंडा : फिशप्लेट

‘जोडायच्या’ म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या येतात. जोड आला की वाकडेपणा आला, असं वाटतं. दौंड तालुक्यात बसून हे बोलायचं म्हणजे गंमतच, कारण हे गाव रुळांवरच वाढलेलं. पुणे-सोलापूर लाइन आणि मनमाडहून येणारी लाइन इथं भेटतात. वर्षानुवर्षं मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि तोवर प्लॅटफॉर्मवर चहा-वडा व्हायचा. आता कॉर्ड लाइन झाल्यानं ते बऱ्याच गाड्यांना करावं लागत नाही.

तर रेल्वेचा नेहमीचा रूळ १३ मीटरचा असतो. असे वीस रूळ वेल्ड करून २६० मीटरचे लांब तुकडे केले जातात. आणि जिथं वेल्डिंग नाही तिथं दोन रुळांच्या कुशीला लोखंडी पट्ट्या लावून बोल्टनं आवळतात. त्याच फिशप्लेट. गाइड रेलचा जोड म्हणजे अगदी हेच. रेलच्या पोटात खाचा असतात, त्यात धातूच्या पट्ट्या अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे सरकवायच्या आणि अ‍ॅलन कीनं छोटे स्क्रू आवळायचे.

चुका इथं दोन होतात. पहिली म्हणजे दोन्ही रेल एकमेकींवर खच्चून दाबून बसवणं. रेलचं टोक दरवेळी केसाइतकंही चुकलेलं नाही, अशी खात्री देता येत नाही. टोकं दाबून बसवलीत की टोकाचा तिरकेपणा संपूर्ण रेलमध्ये उतरतो. म्हणून मध्ये बारीक फट ठेवायची, मिमीभर पुरे. रेल्वेवालेही सांध्यात फट ठेवतात, पण ती उन्हात रूळ वाढतो म्हणून. आपली फट टोकं एकमेकांना भिडू नयेत म्हणून. मशीनला ती जाणवतसुद्धा नाही.

दुसरी चूक, नजरेच्या भरवशावर आवळणं. जोडताना शेजारी खात्रीची सरळ वस्तू टेकवायची. गवंड्याची अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी पट्टी असते ना, सहा फुटी, ती चालते. दोन्ही रेलची कड तिला सारखी टेकली की मगच स्क्रू, आणि तेही पिळून पिळून नाही. जास्त आवळलं तर काही रेल जोडावर किंचित उचलल्या जातात.

मग परीक्षा. आप्पांनी आम्हाला ती करायला लावली आणि ती फुकट आहे, तर तुम्हीही करा. प्लायवर जोडलेली रेल ठेवायची, कडेनं बारीक पेन्सिलीची रेघ मारायची. आता रेल गोल फिरवून रेघेच्या पलीकडच्या बाजूला न्यायची, म्हणजे डावं टोक उजवीकडे जाईल आणि तीच कड पुन्हा त्याच रेघेला टेकेल. दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर रेल सरळ. मध्ये फट दिसली तर रेल वाकडी, आणि जेवढी फट दिसते त्याच्या निम्मा वाक. अर्धा मिमीचा वाक एरवी डोळ्याला दिसत नाही, इथं दुप्पट होऊन दिसतो.

त्या दिवशी आमच्याकडे जोडायला दुसरी रेलच नव्हती म्हणा. परीक्षा आम्ही तीन मीटरच्याच रेलची घेतली. पास झाली. १४०० आणि १००० पुढच्या आठवड्यात पुण्याहून आणल्या आणि जोडून पाहिल्या. पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्या खेपेला पास.

एक बोट

आप्पांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट एका पेरानं कमी आहे. मी आधी विचारलं नव्हतं. जेवताना त्यांनीच सांगितलं. एका साइटवर कटर, संध्याकाळची वेळ, लाइट गेलेली आणि परत आलेली. गार्ड कुणी तरी काढून ठेवलेला, कारण गार्ड असला की रेघ दिसत नाही. पातं प्लायमध्ये अडकलं आणि मशीन मागे उसळलं. कंत्राटदारानं पहिल्या दिवसाचा दवाखाना केला, पुढचं आप्पांचं आप्पांनी बघितलं.

‘‘ह्या मशीनला पातं दिसतच न्हाई की,’’ ते ट्रॅक सॉकडे बघून म्हणाले. हे ते कौतुकानं म्हणाले की संशयानं, मला कळलं नाही.

मशीन महाग का, याचं उत्तर मला तरी तिथं मिळालं. पातं झाकलेलं, रेषा रुळानं धरलेली, दोन्ही हात मशीनवर. बऱ्याच मॉडेलांत पात्यामागे एक पातळ पाचर असते, ती काप मिटून पातं आवळू देत नाही. पण म्हणून निर्धास्त होऊ नका. प्लायच्या मध्येच पातं उतरवताना मशीन मागे उसळू शकतं. तोकड्या रेलवर काम करताना लोक नेमकं हेच करतात. रेल पुरत नाही म्हणून पातं कडेच्या आत उतरवतात आणि राहिलेलं टोक नंतर कापू म्हणतात. रेलची लांबी ही नुसती सोयीची गोष्ट नाही ती यासाठी. दोनशे मिमी वाचवायला जाऊन हाताशी खेळू नये. आणि चष्मा, मास्क लावा. प्लायची धूळ बारीक असते.

मग घ्यायची कुठली?

माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं पहिली रेल १४०० किंवा १६००चीच घ्यावी. बहुतेक संचांत तीच मिळते. दुसरी, हजाराच्या आसपासची, आणि सोबत जोडपट्ट्यांची जोडी. तीन मीटरची अख्खी रेल ही वर्कशॉपवाल्यांसाठी आहे. तिला जोड नाही, त्यामुळे कटकट नाही, रोज वीस बोर्ड चिरायचे असतील तर तिच्यासारखं सुख नाही. पण तिला भिंतीवर आडवी टांगायला जागा पाहिजे. कोपऱ्यात उभी ठेवली की कधी तरी पडणार, आणि एकदा वाकली की तिला सरळ करायचा उपाय माझ्या ऐकिवात नाही. शिवाय लांब पार्सलचं भाडं वेगळं.

अजून एक रस्ता आहे आणि तो स्वस्त आहे. पुण्यात टिंबर मार्केटच्या आसपास आणि आता मोठ्या गावांतही प्लायच्या दुकानांत मोठं कटिंग मशीन असतं. दुकानदाराला सांगायचं, उभ्या पट्ट्या ६००च्या चिरून दे. कापाचे पैसे घेतात, पण प्लाय घरी येतो तोच दोन फुटी पट्ट्यांमध्ये. जिन्यातून एकटा माणूस चढवू शकतो. मग घरी फक्त दोन फुटी आडवे काप उरतात आणि त्याला ८०० किंवा १०००ची एकच रेल बास! सात बाय चारचे बोर्डही बाजारात मिळतात. कपाट सात फुटांच्या आतलं असेल तर आठ फुटी घेऊन वर फूटभर कचरा कशाला करायचा?

दुकानातून कापून आणलेलं मात्र घरी येऊन मोजायचं. आणि नवा बोर्ड काटकोनात आहे असं गृहीत धरायचं नाही. दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले तर बोर्ड गुण्यात. नाही भरले तर पहिला काप बोर्डाची कड सरळ करण्यासाठी खर्ची घाला.

एक इशारा. रेल घेताना दुसऱ्या कंपनीची स्वस्त मिळतेय म्हणून उडी मारू नका. फेस्टूल आणि मकिता यांचा रूळ एका जातीचा, एकाचं मशीन दुसऱ्याच्या रेलवर चालतं. बॉश आणि माफेल यांची जात वेगळी, ती आपापसांत जुळतात. डीवॉल्टचा रूळ आणखी तिसराच. या जातींमध्ये रोटी-बेटी व्यवहार नाही! आणि मशीन दोघांच्या रेलवर चाललं तरी रबराची फीत ज्या मशीननं कापली त्याच मशीनची. दुसऱ्याचं मशीन त्यावर चालवलं की एक तर फीत आणखी कापली जाते किंवा काप फितीपासून लांब पडतो. मित्राला उसनं द्यायच्या आधी हे आठवा. आणि अमेरिकेतला चुलतभाऊ येताना ट्रॅक सॉ आणतो म्हणाला तर व्होल्टेज विचारा. तिकडची तारवाली मशीनं ११० ते १२० व्होल्टची, आपल्या सॉकेटमध्ये २३०. रेल मात्र खुशाल आणायला सांगा, बॅगेत बसली तर.

बोहरी आळीत जाऊन रेल विकत घेणार असाल तर घरून निघण्याआधी फोन करा. मशीन मिळतं, पण हवी त्या लांबीची रेल शिल्लक असेलच असं नाही. मशीन घेण्याआधीच त्या कंपनीच्या कुठल्या लांबीच्या रेल आणि जोडपट्ट्या इथं मिळतात ते विचारून घेणं शहाणपणाचं.

कपाटाचं काय झालं?

झालं. चार रविवार लागले. काप सगळे आप्पांच्या अंगणात, खाली थर्माकोलची जाड शीट अंथरून, म्हणजे पातं प्लायच्या खाली दोन-तीन मिमी उतरलं तरी फरशीला लागत नाही. शेवटची जुळणी शिरूरला. डावं दार वरच्या बाजूला किंचित घासतं. बिजागरीचा स्क्रू फिरवून बऱ्यापैकी जमवलंय. आप्पा गृहप्रवेशाला आले तेव्हा त्यांनी दार तीनदा उघड-बंद केलं आणि काही बोलले नाहीत. मित्र म्हणतो, आप्पांनी नाव ठेवलं नाही म्हणजे पास.

तीन मीटरची रेल परत शिरूरला आलीच नाही. ती आप्पांच्या पडवीत भिंतीला तीन खुंट्यांवर आडवी टांगलेली आहे. गावातल्या कुणाच्या दाराचं, कुणाच्या दुकानाच्या काउंटरचं काम निघालं की आप्पा ती काढतात, प्लायवर क्लॅम्पनं आवळतात आणि तिच्या रबर नसलेल्या कडेनं आपला जुना कटर चालवतात. गार्ड लावून. जर्मनीत जन्मलेल्या कल्पनेचा हा वापर तिकडच्या इंजिनीअरांना कितपत रुचेल, कोण जाणे.

मित्रानं परवा विचारलं, ‘‘आप्पा, मशीनच ठेवून जाऊ का इथं? तुम्हाला उपयोगी पडेल.’’

‘‘ठिव की,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पर ती बारकी पट्टीबी आण. सारखी ही मोठी कोण काढील?’’